पवित्र युद्धाला पश्चात्ताप नसतो

२०१४च्या जानेवारीत रशियातील प्रांतांचे राज्यपाल आणि सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’ पक्षाचे वरिष्ठ पुढारी यांच्या हाती क्रेमलिनकडून नववर्षाची भेट पडली. भेटीत तत्त्वज्ञानाची तीन पुस्तके होती. व्लादिमीर सोलोव्यॉव यांचे ‘चांगुलपणाचे समर्थन’, निकोलाय बेर्द्यायेव यांचे ‘विषमतेचे तत्त्वज्ञान’ आणि इवान इल्यिन यांचे ‘आपली कार्ये’. मार्चमध्ये क्रायमिया रशियाला जोडला गेला आणि एप्रिलपासून डोनबासमध्ये तोफा धडाडू लागल्या.

तिघे एका गठ्ठ्यात आले, पण विचारांनी एका पंगतीत बसणारे नव्हते. सोलोव्यॉव यांनी उमेदीची वर्षे रशियन राष्ट्रवादाशी वाद घालण्यात घालवली. राष्ट्राने स्वतःचीच आरती ओवाळावी, हा त्यांना ख्रिस्ती श्रद्धेचा घात वाटे. झारच्या राज्यात ज्यूंचा छळ होत असताना त्यांनी त्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती. बेर्द्यायेव यांनी तर याच इल्यिनवर १९२६ साली घणाघाती टीका केली. म्हणजे क्रेमलिनने वाटलेल्या त्या भेटीत रशियन विचारविश्वातले एक जुने, कडवे भांडण बांधलेले होते. राष्ट्रासाठी केलेली हिंसा पवित्र असू शकते का, हा त्या भांडणाचा गाभा. पुढच्या दहा वर्षांत रशियन राज्याने आणि रशियन चर्चने मिळून या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले. ते उत्तर राजकीयदृष्ट्या भयंकर आहेच, पण चर्चच्या स्वतःच्या परंपरेच्या कसोटीवरही ते टिकत नाही.

१९२२च्या सप्टेंबरअखेरीस बोल्शेविक सरकारने नकोशा झालेल्या विचारवंतांना पेत्रोग्रादच्या बंदरातून जहाजावर चढवले आणि जर्मनीला हाकलून दिले. बेर्द्यायेव आणि इल्यिन एकाच जहाजावर होते. तीन वर्षांनी, १९२५ साली, इल्यिन यांचे ‘दुष्टतेचा बळाने प्रतिकार’ हे पुस्तक आले. बोल्शेविकांशी लढून हरलेल्या श्वेत सेनेच्या सैनिकांना ते अर्पण केलेले होते. बोल्शेविक हे त्या पुस्तकाचे शत्रू होतेच, पण त्यातला मुख्य प्रतिवादी होता लेव टॉलस्टॉय.

टॉलस्टॉयने ‘देवाचे राज्य तुझ्या अंतरी आहे’ या ग्रंथात ख्रिस्ताची शिकवण शब्दशः घेतली. दुष्टाचा प्रतिकार बळाने करू नका असे ख्रिस्त सांगतो, तर ख्रिस्ताच्या अनुयायाने सैन्यात जाऊ नये, फाशीची शिक्षा मानू नये आणि तलवारीला आशीर्वाद देणाऱ्या चर्चलाही मानू नये, असे त्याचे सरळ म्हणणे होते. रशियात ग्रंथावर बंदी आली. १९०१ साली चर्चच्या सर्वोच्च मंडळाने टॉलस्टॉय आता चर्चचा उरला नाही असे जाहीर केले. मात्र हाच ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत एका तरुण भारतीय वकिलाच्या हाती पडला आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले. गांधीजींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळ उभारलेल्या वसाहतीचे नावच ‘टॉलस्टॉय फार्म’. मराठी वाचकाला टॉलस्टॉय भेटला तो बराचसा याच वाटेने. त्याच्या कलाविषयक ग्रंथाचा मराठी अनुवाद साने गुरुजींनी केला, तो या आपुलकीतूनच.

इल्यिन यांचा टॉलस्टॉयवरचा आक्षेप हलका नव्हता. डोळ्यांदेखत कोणी लेकराचा जीव घेत असेल आणि आपण आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून बाजूला उभे राहिलो, तर त्या पापात आपलाही वाटा नाही का? इतर सर्व उपाय संपल्यावर बळ वापरणे हे कर्तव्य ठरत नाही का? शांततावादाने या प्रश्नाला कधीच पूर्ण समाधानकारक उत्तर दिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण इल्यिन यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती आणि आज त्यांचे गोडवे गाणारे नेमकी तीच वगळतात. तलवार उचलण्याचा मार्ग कधी कधी अटळ असला, तरी तो धर्म्य नसतो, असे ते म्हणत. हाती शस्त्र घेणाऱ्याने आपल्या आत्म्यावर ओरखडा उमटल्याचे ओळखावे आणि तो धुऊन काढण्यासाठी झटावे, ही त्यांची अट होती.

बेर्द्यायेव यांना ही अटही पुरेशी वाटली नाही. ज्याला आपण चांगुलपणाच्या बाजूचे आहोत याची इतकी खात्री असते, त्याचा चांगुलपणाच विषारी होतो, असा त्यांचा मुद्दा होता. सैतानाच्या नावाने चालणाऱ्या गुप्त पोलिसांपेक्षा देवाच्या नावाने चालणारे गुप्त पोलीस जास्त घृणास्पद, इतक्या तीव्र शब्दांत त्यांनी तो मांडला. पुढे इल्यिन यांच्या राजकारणाने त्यांची भीती रास्त ठरवली. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३च्या मे महिन्यात, इल्यिन यांनी राष्ट्रीय समाजवादात एक नवे चैतन्य असल्याचे सांगणारा लेख लिहिला. नाझींशी त्यांचे नंतर बिनसले आणि ते स्वित्झर्लंडला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी फॅसिझमच्या चुकांची यादी दिली, पण त्या विचारावरचा त्यांचा लोभ पुरता सुटला नाही. १९५४ साली ते परदेशातच वारले.

२००५ साली त्यांच्या अस्थी मॉस्कोत आणून दोन्स्कॉय मठात सन्मानाने पुरण्यात आल्या. त्याच वर्षी पुतिन यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात त्यांचे वचन उद्धृत केले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी युक्रेनचे चार प्रांत रशियात विलीन केल्याची घोषणा करणाऱ्या भाषणाचा शेवटही इल्यिन यांच्याच शब्दांनी झाला. त्याच भाषणात पाश्चात्त्य जगाच्या वागण्याला सैतानी म्हटले गेले होते. २०२३ साली मॉस्कोच्या मानव्यविद्या विद्यापीठात इल्यिन यांच्या नावाने राजकीय अभ्यासाची संस्था निघाली आणि तिच्या प्रमुखपदी अलेक्सांद्र दुगिन आले. रशियाचे साम्राज्य हे पश्चिमेविरुद्धच्या अंतिम संघर्षाचे साधन आहे, असे दुगिन तीस वर्षे सांगत आले आहेत. फॅसिझमची भलामण करणाऱ्या माणसाचे नाव आमच्या विद्यापीठातल्या संस्थेला नको, असे म्हणत तिथल्या विद्यार्थ्यांनी २०२४च्या एप्रिलमध्ये याचिका काढली. युद्धाच्या काळात, रशियात राहून असे म्हणायला धैर्य लागते.

तत्त्वज्ञ कितीही वादग्रस्त असला तरी त्याच्याकडे क्षमा करण्याचा अधिकार नसतो. तो अधिकार चर्चकडे असतो, म्हणून या कथेतले खरे वळण चर्चमध्ये येते.

२१ सप्टेंबर २०२२ रोजी पुतिन यांनी युक्रेनमधल्या युद्धासाठी राखीव सैनिकांच्या भरतीचा हुकूम काढला. लाखो घरांत धास्ती पसरली. चार दिवसांनी, रविवारच्या प्रवचनात, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील यांनी सांगितले की सैनिकी कर्तव्य बजावताना जो मरण पावतो त्याचे मरण हे बलिदान असते, आणि हे बलिदान त्याची सारी पापे धुऊन टाकते. भरतीच्या कागदावर सही करायला निघालेल्या तरुणाला त्याच्या धर्मगुरूने दिलेली ही हमी होती.

२७ मार्च २०२४ रोजी पुढचे पाऊल पडले. किरील ज्या संस्थेचे प्रमुख आहेत त्या जागतिक रशियन लोकपरिषदेने मॉस्कोत एक दस्तऐवज मंजूर केला. युक्रेनमधली मोहीम हे ‘पवित्र युद्ध’ आहे, युक्रेनची संपूर्ण भूमी केवळ रशियाच्या प्रभावाखाली असली पाहिजे आणि सैतानाच्या कह्यात गेलेल्या पश्चिमेपासून जगाला वाचवणारा ‘रोधक’ रशियाच आहे, असे त्यात म्हटले होते. ‘रोधक’ ही कल्पना बायबलातल्या पौलाच्या एका पत्रातून येते. जगाच्या अंताआधी अधर्माला थोपवून धरणारी एक शक्ती, एवढेच तिथे सूचित आहे आणि ती कोण, हे पौलाने सांगितलेले नाही. मॉस्कोतल्या सभागृहात तिला नाव, झेंडा आणि सैन्य मिळाले.

या दाव्याला खोडून काढण्यासाठी पाश्चात्त्य उदारमतवाद्यांचा एकही ग्रंथ उघडावा लागत नाही. ऑर्थोडॉक्स परंपरा पुरते. चौथ्या शतकातले संत बेसिल हे या चर्चच्या सर्वांत थोर आचार्यांपैकी एक. युद्धात माणूस मारणाऱ्याला खुनी समजू नये, पण त्याचे हात स्वच्छ नसल्याने त्याने तीन वर्षे प्रभुभोजनाच्या संस्कारापासून दूर राहावे, असा सल्ला त्यांच्या तेराव्या नियमात आहे. न्याय्य लढाईतून परतलेल्या सैनिकाबद्दलचा हा नियम आहे. बेसिल भोळे शांततावादी नव्हते. साम्राज्याला सैन्य लागते हे त्यांना कळत होते. तरीही शत्रूचे रक्त हे रक्तच असते आणि त्यासाठी देवापुढे मान खाली घालून उभे राहावे लागते, एवढे त्यांनी सोडले नाही.

दहाव्या शतकात या नियमाची खरी परीक्षा झाली. बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकस हा पराक्रमी सेनापती होता आणि अरबांशी त्याचे सतत युद्ध चालू असे. लढाईत पडलेल्या सैनिकांना हुतात्मे घोषित करावे, अशी मागणी त्याने चर्चकडे केली. तिच्यामागचा हेतू उघड होता. शत्रूच्या सैनिकांना स्वर्गाची ग्वाही आहे, मग आपल्यांना का नसावी? पॅट्रिआर्क पॉलिएक्टस आणि त्यांच्या धर्मगुरूंनी बेसिलच्या नियमावर बोट ठेवून सम्राटाला नकार दिला. ज्यांना तीन वर्षे प्रायश्चित्त सांगितले आहे त्यांना हुतात्मा कसे म्हणणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. राजधानी त्याच सम्राटाच्या ताब्यात होती, तरीही.

पॉलिएक्टस यांनी सम्राटाला जे दिले नाही, ते किरील यांनी न मागता दिले. इल्यिननेसुद्धा योद्ध्याच्या मनात पश्चात्ताप शिल्लक ठेवला होता, किरील यांनी तोही काढून घेतला.

मॉस्कोच्या पश्चिमेला कुबिंका इथल्या ‘पॅट्रिअट पार्क’मध्ये सैन्यदलांचे मुख्य कॅथेड्रल उभे आहे. १४ जून २०२० रोजी किरील यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. मुख्य घुमटाखालच्या गोलाकार भागाचा व्यास १९.४५ मीटर, कारण महायुद्ध १९४५ साली संपले. घंटाघराची उंची ७५ मीटर, कारण बांधकाम झाले तेव्हा विजयाला ७५ वर्षे झाली होती. पायऱ्यांच्या धातूत जप्त केलेली जर्मन शस्त्रे वितळवून घातली आहेत. भिंतीवर पुतिन आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगु यांचीही मोझेकमधली चित्रे येणार होती, पण टीका झाल्यावर ती वगळण्यात आली. नाझींविरुद्धच्या लढ्यात सोव्हिएत जनतेने सोसलेले दुःख खरे आहे, अपार आहे, आणि त्याचे स्मरण करायलाच हवे. पण देवालयाची मापे विजयाच्या तारखांवरून ठरू लागली की तिथे कोणाची पूजा चालली आहे, हा प्रश्न भाविकालाच पडायला हवा.

इथवर रशियन राष्ट्रवाद एकाच वाटेने आलेला नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. एक वंशवादी. रशिया रशियनांचा, कॉकेशस आणि मध्य आशियातल्या लोकांनी चालते व्हावे, ही त्याची घोषणा. २००५पासून दर ४ नोव्हेंबरला निघू लागलेले ‘रशियन मोर्चे’ त्याचेच. दुसरा साम्राज्यवादी. त्याला अनेक वंशांचा, अनेक धर्मांचा विशाल रशिया हवा, मात्र मॉस्कोच्या आज्ञेत. राज्याने पहिल्या प्रवाहातल्या स्वतंत्र संघटनांवर २०१०-११च्या सुमारास बंदी घातली आणि दुसऱ्याला आपल्यात सामावून घेतले. २०१४मध्ये डोनबासमधले स्लोव्यान्स्क शहर ताब्यात घेणारा इगोर गिर्किन हा या दुसऱ्या प्रवाहातला वीर होता, पण त्याने पुतिन यांच्यावरच तोंडसुख घ्यायला सुरुवात केली तेव्हा २०२४च्या जानेवारीत त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहात झालेल्या दहशतवादी हत्याकांडानंतर स्थलांतरित मजुरांविरुद्धचा जुना द्वेष पुन्हा उसळला आणि त्यांच्या वस्त्यांवर धाडी टाकणारी टोळकी राजरोस फिरू लागली. दोन्ही प्रवाहांना एकत्र बांधायला एका पवित्र धाग्याची गरज होती. २०२०च्या घटनादुरुस्तीने देवावरील श्रद्धेचा आणि ‘राज्यनिर्मात्या’ लोकांचा उल्लेख घटनेत आणला. मात्र त्याच घटनेनुसार राज्य आजही निधर्मी आहे आणि कोणतीही विचारसरणी राज्याची अधिकृत विचारसरणी असू शकत नाही.

या पवित्र धाग्यात न बसणाऱ्यांचे काय होते, हे रशियातल्याच काल्मिकिया प्रांताच्या बौद्धांनी पाहिले. तिथले सर्वोच्च लामा तेलो तुल्कू रिनपोछे यांनी युद्धाला विरोध केल्यावर त्यांना २०२३च्या जानेवारीत ‘परकीय हस्तक’ ठरवण्यात आले आणि त्यांनी पद सोडले.

मॉस्को हे तिसरे रोम, ही कल्पनाही सध्या याच कामाला जुंपली आहे. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात प्स्कोव्हच्या फिलोफेइ नावाच्या साधूने ती एका पत्रात मांडली. पहिले रोम पडले, दुसरे म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडले, आता तिसरे मॉस्को आणि चौथे होणार नाही. हे वाक्य साम्राज्याची सनद म्हणून वाचले जाते. पण साधू जगाच्या अंताच्या छायेत लिहीत होता. आधीची दोन रोम पापामुळे पडली, तेव्हा तुम्ही जपून वागा, असा इशारा त्यात आहे. इशाऱ्याचा अहंकार केला गेला.

ऑर्थोडॉक्स चर्चने या अहंकाराला पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. १८७२ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने वंशाच्या पायावर चर्च उभारणे हा पाखंडच आहे असा निकाल दिला. २०२२च्या मार्चमध्ये, युद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नसताना, निरनिराळ्या देशांतल्या शेकडो ऑर्थोडॉक्स धर्मशास्त्रज्ञांनी याच निकालाचा आधार घेऊन, युक्रेनलाही एकाच रशियन धर्मजगतात मोजणाऱ्या ‘रशियन विश्व’ या शिकवणुकीचा धिक्कार केला. त्याआधी १ मार्चला सुमारे ३०० रशियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी युद्ध थांबवण्याचे जाहीर आवाहन केले होते. आणि त्याही आधी, हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी, तेव्हा मॉस्कोशी जोडलेल्या युक्रेनियन चर्चचे प्रमुख मेट्रोपॉलिटन ओनुफ्री यांनी या युद्धाला काइनच्या पापाची उपमा दिली, म्हणजे भावाने भावाचा केलेला खून.

रशियन चर्चच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार होतो आणि त्याचा विचार न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोणत्या देशाच्या धर्माने आपल्या सैनिकांसाठी प्रार्थना केली नाही? परंपरा सांगते की १३८०च्या कुलिकोव्होच्या लढाईआधी संत सेर्गियस यांनी राजा दिमित्रीला आशीर्वाद दिला. २२ जून १९४१ रोजी हिटलरने आक्रमण केले त्याच दिवशी मेट्रोपॉलिटन सेर्गियस यांनी देशरक्षणाची हाक दिली, तीही ज्या राज्याने हजारो धर्मगुरूंना ठार केले होते त्या राज्याच्या रक्षणासाठी. यात खोटे काही नाही. घरात शिरलेल्याशी लढणाऱ्याला देवाकडे बळ मागण्याचा हक्क आहे. पण हा युक्तिवाद खरा मानला तर तो आज युक्रेनच्या बाजूने जातो. इल्यिन यांनी टॉलस्टॉयपुढे जो पेच टाकला, डोळ्यांदेखत मारल्या जाणाऱ्या लेकराचा, तो २०२२च्या वसंतात युक्रेनमधल्या बूचा शहराच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष उभा होता. तिथे निःशस्त्र नागरिकांचे मुडदे पडले, आणि शस्त्र हाती असलेले रशियाचे सैनिक होते. इल्यिनचा तर्क शेवटपर्यंत नेला, तर तो इल्यिनच्या भक्तांविरुद्धच साक्ष देतो.

युक्रेनियन सैनिकालाही या कसोटीतून सूट नाही. बेसिलचा नियम दोन्ही बाजूंना लागू होतो, हीच त्याची थोरवी. स्वतःच्या घराचे रक्षण करणाऱ्यानेही घरी परतल्यावर हात पाहावेत, असे तो सांगतो.

रशियातल्या काही धर्मगुरूंनी हा नियम ओठांपेक्षा आचरणात जपला. कोस्त्रोमा प्रांतातल्या काराबानोवो गावचे फादर इओआन बुर्दिन यांनी २०२२च्या मार्चमध्ये चर्चमध्ये युद्धाविरुद्ध प्रवचन केले आणि न्यायालयाने त्यांना ३५,००० रूबलचा दंड ठोठावला. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून सर्व चर्चमध्ये ‘पवित्र रूस’साठी एक प्रार्थना सक्तीची झाली. तिच्यात देवाकडे विजय मागितला आहे. मॉस्कोतले फादर इओआन कोवाल यांनी प्रार्थना म्हणताना ‘विजय’ऐवजी ‘शांती’ म्हटले. २०२३ साली त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यात आले, पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी ते परत दिले. मॉस्कोत पिढ्यान्‌पिढ्यांचे भाविक ज्यांच्याकडे येत ते फादर अलेक्सेइ उमिन्स्की ही प्रार्थना म्हणत नाहीत म्हणून २०२४च्या जानेवारीत पदच्युत झाले.

आणि फादर दिमित्री साफ्रोनॉव. विरोधी नेते अलेक्सेइ नवाल्नी फेब्रुवारी २०२४मध्ये तुरुंगात मरण पावले. चाळिसाव्या दिवशी, २६ मार्चला, साफ्रोनॉव यांनी मॉस्कोत त्यांच्या कबरीपाशी मृतात्म्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्याच दिवशी लोकपरिषदेने ‘पवित्र युद्धा’चा दस्तऐवज मंजूर केला. एप्रिलमध्ये साफ्रोनॉव यांच्यावर धर्मकार्य करण्यास बंदी आली, तीन वर्षांसाठी.

युद्धात माणूस मारून आलेल्यासाठी बेसिलने सुचवलेला काळही तीनच वर्षांचा होता. जे प्रायश्चित्त मारणाऱ्याने घ्यायचे ते आज मेलेल्यासाठी प्रार्थना करणाऱ्याला भोगावे लागते आहे, आणि मारणाऱ्याला त्याची पापे आधीच धुतली गेल्याचे सांगितले जाते. राष्ट्र पवित्र ठरले की ते चुकू शकत नाही, जे चुकू शकत नाही त्याला क्षमा मागता येत नाही, आणि ज्या समाजाला क्षमा मागता येत नाही त्याचा धर्म कितीही घंटा वाजवो, तो सत्तेचा कारकून होऊन बसतो. रशियन चर्चच्या आजच्या नेतृत्वाबद्दल दुसरा निवाडा देता येत नाही. बेसिलचा तेरावा नियम ऑर्थोडॉक्स चर्चच्या मान्य नियमसंग्रहात आहे. तो कोणी रद्द केलेला नाही. युद्ध कधी तरी संपेल, रणांगणावरून लाखो रशियन घरी परततील, आणि त्यांना हा नियम वाचून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्या चर्चवर असेल.